दोर किती सोडला होता?

आमची होडी भिंतीला लटकलेली होती. नाक वर, मागचा भाग खाली चिखलात, आणि मधे सहा फूट उघडी पडलेली शेवाळलेली भिंत. तीन तासांपूर्वी आम्ही तिला पाण्यावर सोडून, भिंतीवरच्या रेलिंगला घट्ट आवळून, वडापाव खायला गेलो होतो. परत आलो तर पाणी उतरलेलं आणि होडी टांगलेली.

आम्ही बघत असतानाच दोर अडकवायची क्लीट चार स्क्रूंसकट आणि फायबरच्या एका तुकड्यासकट उखडली. होडी धपकन चिखलावर आदळली. आमच्यातला एक जण तिला धरायला म्हणून खाली उतरला आणि मांडीपर्यंत रुतला. एक पाय उपसायला गेला की दुसरा आणखी आत. आधी आम्ही हसलो. मग त्याचा चेहरा बघितला आणि हसू थांबलं.

जवळच एक कोळी काका जाळं दुरुस्त करत बसले होते. ते उठले, दोन फळ्या चिखलावर टाकल्या, मित्राला त्यावर पालथं पडायला सांगितलं, काखेतून दोर घातला आणि हळूहळू त्याला बाहेर काढलं. अर्धा तास गेला असेल. ना ओरडले, ना उपदेश केला. मित्र भिंतीवर बसून थरथरत असताना त्यांनी मला एकच विचारलं : "दोर किती सोडला होता?"

सोडला होता? आम्ही तर बांधला होता. घट्ट. कचकचून.

हा लेख त्या एका प्रश्नावर आहे. आणि तो भांडणाचा लेख आहे, हे आधीच सांगतो. माझं भांडण दोघांशी आहे. एक, माझ्यासारखे हौशी, जे मोबाइलवर मासेमारी शिकतात आणि कार्डावर सामान विकत घेतात. दोन, खाडीला भिंत घालून, वर दिवे लावून त्याला विकास म्हणणारे. दोघांचा रोग एकच आहे. दोघांनाही फक्त 'मजबूत' कळतं. 'सोडणं' कळत नाही.

मिशिगनचा गोळा, उल्हासचा चिखल

मी डोंबिवलीत वाढलो. नोकरी ऐरोलीला. खाडी माझ्यासाठी लोकलच्या खिडकीतून दिसणारी गोष्ट होती. तिघांनी मिळून एक जुनी फायबरची होडी आणि छोटं इंजिन घेतलं तेव्हा आम्हांला पोहण्यापलीकडे पाण्यातलं काही येत नव्हतं. पण व्हिडिओ भरपूर बघितले होते. त्या व्हिडिओंमधून आमच्यातल्या एकाने डाउनरिगर मागवला.

डाउनरिगर म्हणजे काय, ते सांगतो, कारण यंत्र मोठं हुशार आहे. होडीच्या कडेला एक चक्री. चक्रीवर तार किंवा जाड दोरी. तिच्या टोकाला चारपाच किलोचा वजनी गोळा. तुमच्या रॉडची बारीक दोरी त्या गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवायची. गोळा खाली जातो, दोरीला हव्या त्या खोलीवर नेतो, आणि होडी हळूहळू पुढे जात राहते. मासा लागला की चिमटा सुटतो. मग मासा आणि तुम्ही, मधे वजन नाही. गोळ्याची दोरी वेगळी, माशाची दोरी वेगळी.

हे यंत्र फोफावलं उत्तर अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत. १९६६ साली मिशिगन राज्याने पॅसिफिकमधला कोहो सामन आपल्या नद्यांमध्ये सोडला. तो मिशिगन सरोवरात उतरला, वाढला. सामनला थंड पाणी लागतं. उन्हाळ्यात सरोवराचा वरचा थर तापला की तो खाली, गार थरात जाऊन राहतो. तिथे बारीक दोरी नेमक्या खोलीवर न्यायची, तर वजन लागतंच. गरज होती, म्हणून यंत्र रुजलं.

आमच्या खाडीत काय झालं? गोळा सोडला. चक्रीने दोन गिरक्या घेतल्या आणि गोळा गाळात बसला. वर ओढला तर त्याच्यासोबत एक गोणपाट, साडीचा काठ आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा आला. यंत्राची किंमत सांगत नाही, लाज वाटते.

तुम्ही म्हणाल, ही तुमची मूर्खपणाची गोष्ट, तिच्यातून सिद्धांत कशाला काढता? काढतो, कारण मी एकटा नाही. गायमुखपासून दुर्गाडीपर्यंत रविवारी सकाळी रॉड घेऊन उभ्या असलेल्या पोरांच्या हातात बघा. प्रत्येकाकडे दुसऱ्याच कुठल्या तरी पाण्यासाठी बनलेली वस्तू आहे. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच : किती किलोची लाइन?

किती किलोची?

हा प्रश्नच चुकीचा आहे. का, ते दोरीपासून सुरू करू.

आपल्याकडे ज्याला तंगूस म्हणतात तो नायलॉनचा एकेरी, पारदर्शक धागा. तो ताणला की लांबतो. माशाने अचानक झटका दिला तर तो झटका तंगूस स्वतः पितो. गरी माशाच्या तोंडातून फाटून निघत नाही. डाउनरिगरवर मासे धरणारे बरेच जण आजही तंगूसच वापरतात ते याचसाठी. चिमटा सुटला की दोरीत क्षणभर ढिलाई येते, मग एकदम ताण. त्या क्षणाला लवचीकपणा लागतो.

दुसरी विणलेली दोरी, जिला सगळे 'ब्रेड' म्हणतात. अतिशय मजबूत पॉलिथिलीनच्या तंतूंची. तेवढ्याच ताकदीचा तंगूस तिच्या कितीतरी पट जाड असतो. ती जवळजवळ लांबतच नाही, म्हणून माशाने नुसतं हुंगलं तरी बोटाला कळतं. पाण्यावर तरंगते. आणि हाताला गुंडाळून ओढली तर मांस कापते.

तिसरी फ्लोरोकार्बनची. पाण्यात कमी दिसते, नायलॉनपेक्षा जड, म्हणून बुडते, आणि घासायला चिवट. मुख्य दोरीच्या टोकाला तिचा हातभर-दोन हात तुकडा लावतात.

आता खाडीत उतरू. इथे तळाशी तिवरांची मुळं आहेत, जुने खुंट आहेत, बांधकामाचा राडारोडा आहे, आणि आपण सगळ्यांनी टाकलेला कचरा आहे. जिताड्याच्या आशेने टाकलेली दहातली चार फेक कशात तरी अडकणार. तुमच्याकडे वीस किलोची ब्रेड आहे. तुम्ही ओढता. ती तुटत नाही. मुळं तुटत नाहीत. शेवटी तुम्ही काय करता? कात्री काढता आणि रॉडच्या टोकाशी दोरी कापून टाकता. चाळीस-पन्नास मीटर न दिसणारा, न कुजणारा फास तुम्ही तिवरांना भेट दिलेला असतो. तो तिथे तुमच्यापेक्षा जास्त जगणार. बगळ्याचा पाय, पाणसापाची मान, पाग टाकणाऱ्या माणसाचं बोट, जे सापडेल ते कापणार.

याच पाण्याच्या दक्षिणेला, ठाणे खाडीत, २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. २०२२ साली ते रामसर यादीत गेलं. आपण त्यांचे फोटो स्टेटसला ठेवतो आणि दोरी मात्र तिवरात ठेवून येतो.

उपाय फुकटचा आहे. टोकाचा तुकडा मुख्य दोरीपेक्षा मुद्दाम कमी ताकदीचा ठेवा. मुख्य दोरी दहा किलोची तर टोक सहा-सात किलोचं. अडकलं तर गरीजवळ तुटेल. तुमची एक गरी जाईल, खाडीत हातभर दोरी राहील, बाकी सगळी चक्रीवर परत येईल. गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने तापते आणि दोरी नको तिथे कमजोर होते.

म्हणजे शहाण्या माणसाने आधी ठरवायचं की काय तुटलं तर चालेल. डाउनरिगरचं सगळं शहाणपण त्या चारपाच किलोच्या गोळ्यात नाहीये, सुटणाऱ्या चिमट्यात आहे. ते यंत्र विकत घेऊनही आम्हांला त्यातलं एवढंच शिकायचं राहिलं होतं.

होडी बांधणं म्हणजे

आता त्या रविवारकडे परत येतो.

आम्ही वापरलेला दोर हार्डवेअरच्या दुकानातला, निळा, पॉलिप्रोपिलिनचा. स्वस्त आणि चकचकीत. तो पाण्यावर तरंगतो, त्यामुळे इंजिनाच्या पंख्यात जायला सदैव तयार. उन्हात त्याचे तंतू लवकर ठिसूळ होतात; हाताला पांढरी भुकटी लागायला लागली की समजायचं, याचं आयुष्य संपत आलं. होडी बांधायला नायलॉनचा दोर बरा. तो ताणतो, लाटेचा आणि जाणाऱ्या बोटीच्या हेलकाव्याचा धक्का स्वतः घेतो. भिजल्यावर त्याची थोडी ताकद कमी होते, म्हणून हिशेबापेक्षा एक माप जाड घ्यायचा. पॉलिएस्टर ऊन चांगलं सोसतो पण कमी लांबतो. आणि कुठलाही दोर भिंतीच्या धारेवर घासला तर रात्रीत कापला जातो. तिथे जुन्या पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवायचा. काकांच्या होडीवर तो होता. आमच्या नजरेला तो भंगार वाटला होता.

पण दोर उत्तम असता तरी होडी लटकलीच असती. कारण उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. खाडीत आत येईपर्यंत वेळ बदलते, उंची बदलते, पण खेळ तोच. सुमारे सहा तास वर, सहा तास खाली. भरतीला तोकडा बांधाल तर ओहोटीला टांगाल. ओहोटीला तोकडा बांधाल तर भरतीला होडीचं नाक पाण्याखाली जाईल. म्हणून दोर लांब हवा, भरती-ओहोटीतल्या फरकाच्या तिप्पट तरी, आणि तो सरळ खाली-वर न बांधता एक पुढे लांब, एक मागे लांब असा तिरका न्यायचा. मग पाणी उतरतं तशी होडी उतरते.

नांगर टाकतानाही तेच. खोलीच्या पाच ते सात पट दोर सोडायचा, आणि खोली मोजायची ती भरतीची. ओहोटीला दोन मीटर पाणी बघून तुम्ही दहा मीटर दोर सोडलात, आणि भरतीला तिथेच सहा मीटर पाणी झालं, तर तुम्हांला तीस मीटर हवा होता. दहा मीटरवर दोर जवळजवळ उभा होतो, नांगर गाळातून वर उचलला जातो, आणि होडी प्रवासाला निघते. शिवाय खाडीचा ओढा दिवसातून चारदा उलटतो, त्याबरोबर होडी फिरते. अरुंद जागी पुढे आणि मागे असे दोन नांगर लागतात.

हे सगळं मला कुठल्याही व्हिडिओने सांगितलं नाही असं म्हणणार नाही. बहुतेक कुठे तरी सांगितलं असेल. पण मी रॉडच्या परीक्षणाचे चाळीस व्हिडिओ बघितले आणि दोराचा एकही नाही. दोर ही कुणी दाखवावी अशी वस्तूच नाही ना. चारशे रुपयांच्या दोराचा कसला अनबॉक्सिंग!

काकांनी नंतरच्या भरतीला होडी आणून दिली आणि बांधून दाखवली. त्यांचं बोलणं मी माझ्या भाषेत लिहितोय, त्यांची बोली माझ्या तोंडी नकली वाटेल. ते म्हणाले, होडी बांधतात ती पळू नये म्हणून, हलू नये म्हणून नाही.

'जुनं ते सोनं' नव्हे

इथे कुणी म्हणेल, हा आता कोळीवाड्याची आरती ओवाळणार. नाही.

काथ्याचे सुंभ आणि सुताची जाळी होती त्या काळाबद्दल मला गहिवर नाही. सुताचं जाळं कुजायचं. ते झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावं लागायचं, दर खेपेनंतर वाळवावं लागायचं. ते काम घरातल्या बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या हातून जायचं. १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत नायलॉन सापडलं आणि पुढच्या काही दशकांत ते आपल्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा त्याने कित्येक हातांची सुटका केली. कोळ्यांनी ते लगेच उचललं, कारण ते शहाणे होते. आजही काकांचं जाळं नायलॉनचंच आहे.

आणि हो, खाडीत फाटकी जाळी कोळ्यांचीही सापडतात. त्यांनाही हा प्रश्न विचारायलाच हवा. पण एक फरक आहे. त्यांचं जाळं हरवलं तर त्यांचा महिना हरवतो. ते शोधायला जातात. माझी दोरी हरवली तर मी दुसरी मागवतो, उद्या संध्याकाळपर्यंत दारात.

मला राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. ठाण्यात चेंदणी कोळीवाडा आहे, डोंबिवलीत मोठागाव आहे, कल्याणात खाडीकाठची वस्ती आहे. या लोकांना उधाण कधी, भांग कधी, कुठल्या वळणावर ओढा कसा, हे तोंडपाठ आहे. आणि आपण, या तीन शहरांत राहणारे शिकलेले लोक, त्यांच्याशी फक्त कोळंबीच्या भावावर बोलतो. त्यांच्या ज्ञानाला आपल्याकडे नाव नाही. इंग्रजी व्हिडिओत तेच कुणी सांगितलं तर तो एक्स्पर्ट, आणि गोदीत बसलेल्या माणसाने सांगितलं तर 'ते काका ना, ते सांगत होते काहीतरी'.

खुंटा कुठाय?

आता दुसरं भांडण.

आमची होडी रेलिंगला का बांधली होती? कारण त्या नव्या, सुशोभित घाटावर होडी बांधायला दुसरं काहीच नव्हतं. बाकं होती. रंगीत दिवे होते. सेल्फीसाठी अक्षरं होती. पाण्यात उतरायला पायऱ्या नव्हत्या, भिंतीत एक लोखंडी कडी नव्हती, एक खुंटा नव्हता. माझा गाढवपणा माझा आहे, तो मी कुणावर ढकलत नाही. पण पाण्याकाठी लाखो रुपयांचं बांधकाम करताना कुणाच्याही मनात 'इथे होडी येईल' हा विचार आला नाही, हा गाढवपणा माझा नाही.

हे कुठल्या शहरात घडतंय? 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात कल्लिएना म्हणून ज्याचा उल्लेख आहे, त्या कल्याण बंदरात. १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी जिथे दुर्गाडीच्या पायथ्याशी जहाजं बांधायला घेतली, त्या खाडीवर. त्याची आठवण म्हणून २०२४ साली नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही युद्धनौका कल्याणात आणली गेली. चांगलं झालं, मी बघायला गेलो, मलाही छाती भरून आली. पण निवृत्त नौकेला जागा सापडते आणि रोज पाण्यात जाणाऱ्या होडीला कडी सापडत नाही, याला मी आरमाराचा अभिमान म्हणायला तयार नाही. तो शोभेचा अभिमान आहे.

कागदावर तर आपण फारच पुढे आहोत. २०१६च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई, वसईची खाडी आणि उल्हास नदी मिळून १४५ किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ जाहीर झाला. राष्ट्रीय महामार्ग जाहीर करून त्यावर गाडी उभी करायला जागाच ठेवली नाही, तर लोक हसतील. जलमार्गाबद्दल कुणी हसत नाही, कारण कुणाला फरकच कळत नाही. १८५४ साली रेल्वे ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोचली, आणि तेव्हापासून आपण हळूहळू पाण्याकडे पाठ करून बसलो. आता वळून बघतोय ते फोटोपुरतं.

सरळ उभी काँक्रीटची भिंत ही घट्ट बांधलेल्या दोरासारखी असते. तिला पाण्याचं चढणं-उतरणं मान्य नसतं. उतार नाही, चिखल नाही, तिवर नाही, म्हणजे लाटेचा जोर जिरायला काही नाही. आणि एखादा माणूस खाली पडला तर वर यायला हाताला काही लागत नाही. माझा मित्र वर आला तो फळ्यांमुळे आणि एका माणसामुळे. त्या घाटावर ना फळी होती, ना फेकायचा दोर, ना फेकायचं टायर.

म्हणून मागतो ते फार नाही. खाडीकाठच्या प्रत्येक नव्या घाटावर पाण्यापर्यंत जाणाऱ्या पायऱ्या हव्यात. भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर कड्या हव्यात, आणि जमेल तिथे पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का हवा. एक फेकायचा दोर आणि एक तरंगतं कडं हवं. तुटकी तंगूस आणि ब्रेड टाकायला एक झाकणाचा डबा हवा. आणि हे सगळं कुठे लावायचं, ते ठरवताना नकाशाच्या टेबलावर एक कोळी माणूस हवा. सत्काराला बोलावून शाल द्यायला नव्हे, बोट ठेवून 'इथे' म्हणायला.

आणि आपण हौशी लोकांनी? पुढचा रॉड घेण्याआधी तीस मीटर नायलॉनचा दोर घ्यावा. लाइफ जॅकेट घ्यावं आणि घालावं. टोकाचा तुकडा कमजोर ठेवावा. तुटलेली दोरी खिशात घालून घरी आणावी. भरतीचं कोष्टक बघावं, आणि ते बघून झाल्यावर काठावरच्या माणसाला विचारावं.

डाउनरिगर अजून माझ्या गॅलरीत आहे. आईने त्याच्या गोळ्याचा उपयोग शोधलाय, वाऱ्याने आपटणारं दार अडवायला. होडी मात्र पाण्यात आहे. एक दोर पुढे, एक मागे, दोन्ही ढिले. पहिल्या रात्री मला झोप आली नाही. एवढा दोर सोडलाय, वाहून गेली तर? पहाटे जाऊन बघितलं. ओहोटी होती. होडी खाली, चिखलावर, सरळ बसलेली होती.